जागेवरचं कुलूप

आमचे घरमालक एकदा अख्ख्या घराची वीज खिशात घालून फुटबॉलची मॅच बघायला गेले होते.

जिन्यातला दिवा गेला होता. त्यांनी रिवाजाप्रमाणे मीटरखालचा फ्यूज उपसला. पांढऱ्या चिनीमातीचा जुना फ्यूज, ज्याला सगळे किटकॅट म्हणतात तो. तो शर्टाच्या खिशात ठेवला, स्टुलावर चढले, दिवा बदलला. तेवढ्यात खालून गल्लीतल्या कुणीतरी हाक मारली, “आण्णा, चला की, सुरू हुईल!” त्या दिवशी दोन पेठांची मॅच होती आणि अशा दिवशी शिवाजी पेठेतल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. आण्णा तसेच निघाले. आम्ही तीन भाडेकरू आणि घरमालकीण काकू दुपारभर पंख्यावाचून बसलो. पाण्याची मोटार लागेना, मिक्सर फिरेना. संध्याकाळी ते परत आले तेव्हा काकू दारातच उभ्या.

“लाईट कुठाय घराची?”

आण्णांनी खिसा थोपटला. “हाय की. हितं हाय. सुरक्षित हाय.”

“जळ्ळं तुमचं सुरक्षित!”

“अगं, फ्यूज माझ्या खिशात हाय तवर वरचा माणूस जिता हाय. एवढं ध्यानात ठेव, बाकी शिव्या घाल.”

वर माणूस कुठला? जिना रिकामा होता. पण पस्तीसेक वर्षं वीजखात्यात काढलेल्या माणसाची ही सवय होती. खांबावर चढणाऱ्या पोरांना शिकवत ते लाईन इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. मूळचे चंदगडकडचे, कर्नाटकच्या सीमेलगतचे. आईला अव्वा म्हणायचे आणि राग अनावर झाला की दोन वाक्यं कानडीत बोलून मोकळे व्हायचे. ती वाक्यं काकूंनी मला कधी समजावून सांगितली नाहीत.

मी बार्शीची. कायद्याची पदवी घेतली आणि कोल्हापुरातच राहिले. खोली बघायला गेले तेव्हा आण्णांनी भाडं सांगितलं नाही, जात विचारली नाही. म्हणाले, “वकील हाईस न्हवं? मग ह्या वाक्यातला कर्ता काढून दाखीव. ‘सदर काम तातडीने करण्यात येईल.’”

मी म्हटलं, “शासन.”

“कुठं लिवलंय?”

“अध्याहृत आहे.”

“अध्याहृत माणूस खांबावर चढत न्हाई, बाई.” मग किल्ली पुढं केली. “ऱ्हा. पाणी सकाळी सहाला येतं.”

दहावीपर्यंत शिकलेल्या त्या माणसाचं सरकारी मराठीशी वैर होतं. विजेसंबंधीचा कुठलाही मसुदा निघाला, मग ते विधेयक असो, धोरण असो नाहीतर नियम असोत, की ते शाहूपुरीतल्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणायचे. सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून तांबड्या पेन्सिलीनं प्रत्येक ‘करण्यात येईल’खाली रेघ मारायचे आणि समासात एकच शब्द लिहायचे, ‘कोण?’ पानंच्या पानं त्या ‘कोण?’नी भरलेली असायची. समोर काकू लसूण सोलत बसलेल्या.

“काय म्हंत्यात आज?” काकू विचारायच्या.

“म्हंत्यात, विश्वासार्हता वाढवण्यात येईल.”

“म्हंजे?”

“म्हंजे लाईट जाणार न्हाई.”

“जाईल की,” काकू म्हणायच्या आणि पुढची पाकळी सोलायला घ्यायच्या.

शेवटी हरकतींचं पत्र तयार व्हायचं आणि रजिस्टर पोस्टानं जायचं. उत्तर क्वचित यायचं. पेठेत त्यांची टिंगल व्हायची. तालमीसमोरच्या कट्ट्यावरचे लोक विचारायचे, “आण्णा, आज सरकारला काय कळीवलं?” आण्णा त्यांना गंभीरपणे सगळं समजावून सांगायचे, त्यामुळे टिंगल करणाऱ्यालाच अर्धा तास अडकून पडावं लागे.

घरातही त्यांचा एक कायदा होता. कुठलंही बटण बंद करणाऱ्यानं मोठ्यानं ‘बंद?’ विचारायचं आणि दुसऱ्यानं बघून ‘बंद!’ म्हणायचं. त्याशिवाय ते बंद झालं असं धरायचं नाही. गीझर, इस्त्री, मोटार, सगळ्याला. माझी आई एकदा राहायला आली तेव्हा तिलाही सोडलं नाही. ती बाथरूममधून वैतागून ओरडली, “हो बाबा, बंद!” तर हे बाहेरून म्हणाले, “बाबा नको. नुसतं बंद म्हणा.”

मला वाटायचं, यांच्या हातून किंवा डोळ्यादेखत कधीतरी कुणी गेलं असणार, त्याशिवाय माणूस एवढा धसका घेत नाही. एकदा धीर करून विचारलं.

ते माझ्याकडे बघतच राहिले. “न्हाई की. माझ्या हाताखाली एक बी माणूस गेला न्हाई. एक बी.” मग म्हणाले, “कोण मेल्याबिगर शाणं व्हायचं न्हाई, असं असतं का तुमच्या कायद्यात?”

मी त्यांच्याकडे राहायला येऊन दोन वर्षं झाली असतील, तेव्हा राज्यानं वीजजाळ्याच्या आधुनिकीकरणाचं विधेयक काढलं. त्यावर लोकांच्या हरकती आणि सूचना ऐकायला एक समिती नेमली आणि तिच्या इथल्या कार्यालयात मी कंत्राटी विधी सहायक म्हणून लागले. ऑफिस शाहूपुरीत, एका बँकेच्या वर. मला फार आनंद झाला होता. आण्णांनाही झाला. त्यांनी पेढे आणले आणि विधेयकाची स्वतःची तांबड्या रेघांची प्रत माझ्या हातात दिली.

विधेयक वाईट नव्हतं, हे सांगितलं पाहिजे. जुनं जाळं बदलायचं, खांबांवर दुरून चालणारे स्विच बसवायचे. बिघाड कुठं झालाय हे शहरातल्या नियंत्रण कक्षात पडद्यावर दिसणार, आणि तिथं बसूनच त्या भागातली वीज बंद-चालू करता येणार. वीज ठरलेल्या मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेली तर कंपनीला दंड. आण्णा याच्या विरोधात मुळीच नव्हते. “चंदगडच्या पावसात चार मैल चिखल तुडवत जाऊन हँडल ओढलाय मी,” ते म्हणायचे. “दुरनं व्हतंय तर सोनंच की! माझं म्हणणं एवढंच हाय.”

एवढंच म्हणजे एक कुलूप. जुन्या पद्धतीत खांबाच्या बुडाशी स्विचचा लोखंडी हँडल असे. वर चढणारा माणूस आधी तो हँडल खाली ओढायचा, त्याला स्वतःचं कुलूप घालायचा आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकून वर जायचा. साहेब आला, मंत्री आला तरी तो माणूस खाली उतरेपर्यंत लाईन चालू होत नसे. दुरून चालणाऱ्या स्विचच्या नव्या पेटीत कुलपाची जागाच नव्हती. आण्णांचं म्हणणं, ती जागा कायद्यानंच द्यावी: खांबावर माणूस असताना त्याच्या कुलपाशिवाय दुरून लाईन चालू करता येणार नाही, असं एक कलम घाला. बास.

“ह्या कायद्यात घड्याळ हाय, कुलूप न्हाई,” ते म्हणाले. “मिनटं मोजायला लावलीस तर माणूस पळणार. पळणाऱ्याला कोण थांबीवणार?”

जनसुनावणी एका सरकारी सभागृहात झाली. खच्चून गर्दी. मी व्यासपीठाच्या बाजूच्या टेबलावर नोंदी घेत होते. लोक नव्या मीटरवर बोलले, वाढलेल्या बिलावर बोलले, शेतीला दिवसा वीज हवी म्हणून बोलले. आण्णांचा नंबर दुपारी तीनच्या सुमारास आला. धुवून इस्त्री केलेला पांढरा शर्ट, डोक्याला टोपी. त्यांनी पिशवीतून भलंमोठं पितळी कुलूप काढून समितीच्या अध्यक्षांसमोर ठेवलं. आवाज असा झाला की दारातला पोलीस पुढं आला.

“हे काय?” अध्यक्षांनी विचारलं.

“कुलूप हाय, साहेब. माझं म्हणणं हेच हाय. मी बोललो न्हाई तरी चालंल.”

लोक हसले. अध्यक्षही हसले. आण्णांनी तीन मिनिटांत सगळं सांगितलं, स्वच्छ, एकही शब्द वाया न घालवता. शेवटी अध्यक्ष म्हणाले, “आपलं म्हणणं चांगलं आहे. लेखी द्या.”

“दिलंय की. सात येळा.”

पुन्हा हशा. त्यांनी कुलूप उचलून पिशवीत टाकलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. संध्याकाळी मी विचारलं, ओळखसुद्धा दाखवली नाहीत? तर म्हणाले, “तितं तू सरकार, हितं भाडेकरू. दोनी एकदम करू ने.”

सुनावणीनंतर आम्ही तक्ता करायला बसलो. डाव्या रकान्यात हरकत, उजव्या रकान्यात समितीचा अभिप्राय. आण्णांची हरकत आली तेव्हा मी आमच्या साहेबांकडे गेले. साहेब भला माणूस होता. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ती वाचली.

“कायदा म्हणजे चौकट,” ते म्हणाले. “कुलपं-किल्ल्या कायद्यात नाही घालत आपण. ते नियमांत येईल.”

“नियम कधी होणार?”

“होतील यथावकाश. तू नीट शब्दांत लिही काहीतरी. म्हातारा नाराज व्हायला नको.”

मी खुर्चीत येऊन बसले आणि लिहिलं: ‘सदर सूचना स्वागतार्ह असून कार्यपद्धतीच्या स्तरावर यथोचित विचारात घेण्यात येईल. कायद्यात स्वतंत्र तरतुदीची आवश्यकता दिसून येत नाही.’ लिहून झाल्यावर एकदा वाचलं. मला ते बरं जमलंय असं वाटलं. हे आज सांगायला लाज वाटते, पण तेव्हा खरंच तसं वाटलं. कुणाला न दुखावता नाही म्हणणारं वाक्य.

घरी आण्णांनी विचारलं, “माजं काय केलासा?”

“तक्त्यात आहे,” मी म्हटलं.

ते मान हलवून मोटार लावायला गेले.

विधेयकाचा कायदा झाला. समितीचं काम संपलं, तरी कार्यालय अंमलबजावणी कक्ष म्हणून राहिलं आणि मीही राहिले. चंदगड तालुक्यात पेट्या लवकर बसल्या, कारण तिथं पावसानं वीज फार जायची. नियंत्रण कक्ष चालवायचा ठेका एका खाजगी कंपनीला मिळाला. आण्णा एकदा जाऊन पेट्या बघून आले.  नियमांची दर आठवड्याला चौकशी करत. नियम तयार होत होते.

मारुती त्यांच्याच हाताखाली शिकलेला. चंदगडकडचाच, कंत्राटी वायरमन, पस्तिशीचा. वर्षातून एकदा काजू घेऊन आण्णांना भेटायला यायचा. मीही त्याला जिन्यात पाहिलं होतं. खाली मान घालून चपला नीट जोडीनं ठेवणारा माणूस, एवढंच आठवतं. भर पावसाळ्यात एका दुपारी एका वाडीजवळ लाईनवर फांदी पडली. मारुतीनं टेकावर जाऊन, रेंज धरून, नियंत्रण कक्षाला फोन केला. तिकडून लाईन बंद केल्याचा निरोप आला. चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जावी म्हणून तारेला अडकवायची साखळी वायरमनांच्या तीन गटांत मिळून एक होती आणि ती त्या दिवशी दुसरीकडं होती. पेटीखाली एक पिवळा दांडा होता. तो खाली ओढला की दुरून कितीही बटणं दाबा, लाईन चालू होत नाही. पण त्याला हात लावायची मनाई होती, कारण दांडा ओढला की पडद्यावर ‘पेटी नादुरुस्त’ अशी नोंद व्हायची. मारुती वर चढला.

नियंत्रण कक्षात मधल्या वेळेत पाळी बदलली. नवा आलेला मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा. त्याला पडद्यावर एक बंद भाग दिसला, बिघाड दिसला नाही, आणि शेजारी धावणारी मिनिटं दिसली. त्यानं बटण दाबलं.

कमरेच्या पट्ट्यामुळं मारुती खाली पडला नाही. वाडीतले लोक खांबाखाली जमले, पण लाईन चालू आहे की बंद हे कुणालाच कळेना, म्हणून कुणी हात लावेना. एकजण टेकावर पळाला. फोन लागेपर्यंत, लागल्यावर खात्री होईपर्यंत मारुती तिथंच, पावसात.

आण्णांना संध्याकाळी फोन आला. ते उठले, पिशवी घेतली आणि स्टँडवर गेले. तिसऱ्या दिवशी परत आले. काकूंनी ताट वाढलं. ते ताटावर बसले आणि हात धुवून उठले.

“एक बी न्हाई म्हनत हुतो,” एवढंच म्हणाले.

ठेकेदार कंपनीचा प्राथमिक अहवाल आठवड्यात आला. त्यात लिहिलं होतं की तंत्रज्ञानं सुरक्षा साधनांचा वापर न केल्यानं अपघात घडल्याचं दिसून येतं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी आण्णा माझ्या दारात उभे राहिले. हातात छापलेला कागद. समितीचा तो तक्ता सरकारी संकेतस्थळावर केव्हाच टाकलेला होता. त्यांनी तो आता शोधला होता. माझ्या त्या वाक्याखाली तांबडी रेघ होती. समासात काही लिहिलेलं नव्हतं.

“हे कुणी लिवलं?”

मला साहेबांचं नाव सांगता आलं असतं. समितीचं सांगता आलं असतं. ते दोन्ही खोटं ठरलं नसतं.

“मी,” मी म्हटलं.

त्यांनी कागदाची घडी घातली. काकूंनी खालून विचारलं, “च्या ठिऊ का?”

“नको.” मग मला म्हणाले, “परवा चंदगडला चाललोय. येतीस?”

एसटीत आम्ही शेजारी बसलो. खिडक्यांतून पाऊस आत येत होता. मारुतीचं घर रस्त्यापासून आत, भाताच्या खाचरांच्या कडेला. त्याची बायको सविता आणि म्हातारी आई. म्हातारीनं आण्णांचा हात धरला आणि कानडीत काहीतरी बोलत राहिली. आण्णा नुसतं “हौदव्वा, हौदव्वा”, होय आई, होय आई, म्हणत होते.

मग त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला. “वाच.”

मी वाचलं. ‘सदर सूचना स्वागतार्ह असून...’ चुलीजवळ बसलेली सविता ऐकत होती. संपल्यावर तिनं विचारलं, “म्हंजे काय?”

“म्हणजे,” मी म्हटलं, “आण्णांनी सांगितलं होतं, की वर चढणाऱ्याला कुलूप लावू द्या. मग दुरून लाईन चालू करता येणार नाही. आणि आम्ही म्हटलं, चांगलं आहे, पण कायद्यात नको.”

“आमी म्हंजे कोण?”

“मी लिहिलं हे.”

 मला वाटलं ती आता ओरडेल, बाहेर हाकलेल. मी त्याचीच वाट बघत होते.

“तुमी त्यास्नी वळखत हुता?” तिनं विचारलं.

“नाही. एकदा जिन्यात पाहिलं होतं.”

“मग तुमास्नी कसं कळणार,” ती म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला वळली.

एवढं वाईट मला कुणी कधी काही बोललं नाही. तिच्या मनात तसं बोलायचं नव्हतं, हे मला आजही पक्कं माहीत आहे.

परतीच्या गाडीत आण्णा म्हणाले, “मी तुला शिक्षा द्यायला न्हवतं नेलं.”

“मग?”

“तुजं वाक्य कुठं जातंय ते दावायला नेलं.”

सरकारी चौकशी लागली तेव्हा मी लेखी जबाब दिला. कुलपाची मागणी सुनावणीत आली होती, ती नोंदली गेली, ती बाजूला ठेवली आणि तसा अभिप्राय मी स्वतः लिहिला, असं सगळं. साहेबांनी बोलावून विचारलं, “तुला याची गरज होती का?” ते रागावले नव्हते, दुखावले होते. माझं कंत्राट पुढं वाढवलं नाही, तेव्हा मी कोर्टात वकिली सुरू केली. अंतिम अहवालात मारुतीची चूक वगळून त्या जागी ‘समन्वयाचा अभाव’ असे शब्द आले. त्यामुळं सविताला भरपाई मिळाली. बटण दाबणारा मुलगा कामावरून गेला. तो कुठं गेला, आण्णांनी पुष्कळ चौकशी केली. त्यांना त्याला भेटायचं होतं. “त्येला कुणीतरी सांगाय पायजे, की त्येनं एकट्यानं न्हाई केलं,” असं ते म्हणत. तो सापडला नाही.

कुलपाबद्दल एक परिपत्रक निघालं. ‘शक्य तेथे कुलूप लावण्यात यावे.’ आण्णांनी ते वाचलं आणि तांबडी पेन्सिल उचललीसुद्धा नाही. त्यानंतर मसुदे आणणं त्यांनी बंद केलं. सकाळी गॅलरीत खुर्ची रिकामी असायची. काकू म्हणायच्या, “आजारी पडल्यात जणू.”

ते आजारी नव्हते. उद्यमनगरात एका वेल्डिंगवाल्याकडे जाऊन बसत होते. त्या पिवळ्या दांड्याला खाली धरून ठेवणारी एक पोलादी पट्टी त्यांनी बनवून घेतली. पट्टीला कडी, कडीत कुलूप. दोन बोल्ट आवळले की झालं. पेटीला भोक पाडावं लागत नव्हतं. नमुना घेऊन ते कंपनीच्या दोन कार्यालयांत गेले. दोन्हीकडं चहा मिळाला. मग त्र्याहत्तर वर्षांच्या त्या माणसानं पिशवीत पट्ट्या आणि पाना भरला, चंदगडची एसटी धरली आणि भर दिवसा, रस्त्यावरनं जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या देखत, एकेक पेटीला पट्टी बसवत सुटले. लाईनमन लोकांना किल्ल्या वाटल्या. अकरा पेट्या झाल्या. बाराव्या पेटीपाशी ठेकेदाराच्या गाडीनं त्यांना धरलं.

नव्या कायद्यात कुलपाला जागा नव्हती, पण वीजजाळ्याच्या उपकरणात विनापरवाना हस्तक्षेप करणाऱ्याला शिक्षेचं कलम होतं. मसुदा वाचताना त्या कलमावर कुणीच हरकत घेतली नव्हती. आण्णांनीही नाही. मी पोलीस ठाण्यात पोचले तेव्हा हवालदार त्यांना विचारत होता, “आजोबा, कशाला ह्या वयात?” आणि ते त्याला पट्टी कशी बसते ते दाखवत होते.

वकीलपत्र मी घेतलं. माझ्या वकिलीतला तो तिसरा खटला. मी त्यांना दहा वेळा बजावलं, की न्यायाधीशांनी विचारलं की नुसतं ‘गुन्हा कबूल नाही’ म्हणायचं. पहिल्या तारखेला न्यायाधीशांनी विचारलं. आण्णा टोपी काढून उभे राहिले.

“पट्ट्या मी बसीवल्या, साहेब. अकरा. गुन्हा हाय का न्हाई ते तुमी ठरवा.”

न्यायाधीशांनी नाकबूल अशी नोंद करून घेतली.

दुसऱ्या तारखेला सरकारी साक्षीदार आला नाही. तिसऱ्या तारखेच्या आधी आण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मी रोज खाली जाऊन त्यांच्यापाशी बसत असे. काकू पंखा बंद करताना “बंद?” विचारायच्या, त्यांच्या तोंडाकडे बघत थांबायच्या आणि मग स्वतःच हळू आवाजात “बंद” म्हणायच्या. सात आठवड्यांनी आण्णा गेले. अंत्ययात्रेला पेठेतले लोक आलेच, पण चंदगडहून एक जीप भरून लाईनमन आले. त्यांनी खांदा दिला आणि पाळीवर जायचं म्हणून लगेच परत गेले.

मृत्यूचा दाखला मीच कोर्टात दाखल केला. आदेश दोन ओळींचा: आरोपी मयत, सबब खटला निकाली. काकूंना वाचून दाखवला.

“म्हंजे त्यांची चूक हुती का न्हवती?”

“ते कोर्टानं ठरवलं नाही, काकू. माणूस गेला की ठरवत नाहीत.”

काकूंनी तो कागद हातात घेऊन मागंपुढं बघितला, मागची बाजू कोरी होती, आणि परत दिला.

ते सविताला सांगायला मी गेले. फोनवर सांगता आलं असतं, पण गेले. थंडी सरत आली होती, काजूला मोहर होता. ती मला घेऊन रस्त्यापर्यंत आली. मी खटल्याचं सांगितलं. तिनं मान हलवली.

“पट्ट्या काढाय आलती माणसं,” ती म्हणाली.

“मग?”

“चार काढून नेल्या. पुढं ह्या लाईनमन लोकांनी सांगितलं, काढा, पण मग आमी चढणार न्हाई. ती गेली परत.”

“पुन्हा येतील.”

“येतीलच की.”

वळणावर खांबावर दोघंजण चढलेले दिसले. खाली तिसरा उभा होता. गाडीला अवकाश होता, तरी मी चालत राहिले. दोन-चार पावलांनी लक्षात आलं, सविता शेजारी नाही. ती मागं रस्त्याच्या कडेला थांबली होती, वर बघत.

“चला ना,” मी म्हटलं.

“तुमी व्हा फुडं. खांबावर माणूस दिसला की मला हालता येत न्हाई. त्यो उतरूस्तवर ऱ्हाते मी.”

मी परत मागं आले. वरचे दोघं तारेशी काहीतरी करत होते, एकमेकांशी बोलत होते, एकजण हसलाही. वीसेक मिनिटं लागली असतील. गाडी आली, थांबली, कंडक्टरनं हात केला. आम्ही जागच्या हललो नाही. गाडी निघून गेली. मग पहिला उतरला, आणि बऱ्याच वेळानं दुसरा.